रडण्याची साक्ष

शस्त्रक्रियेचा इतिहास सांगताना बहुतेक ग्रंथकार एका दिवसापाशी येऊन थांबतात. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी अमेरिकेतील बोस्टन शहरी, मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने एका रुग्णाला ईथरची वाफ हुंगवली, डॉ. जॉन वॉरन यांनी त्याच्या मानेवरील गाठीवर शस्त्र चालविले, आणि रुग्ण किंचाळला नाही. त्या दिवशी मानवाने वेदनेवर विजय मिळविला, असे सामान्यतः सांगितले जाते. ते असत्य नव्हे. परंतु हाच इतिहास शस्त्रक्रियेच्या मेजावर निजलेल्या लहान मुलाच्या बाजूने वाचू लागलो, की त्या विजयाला केवढी दीर्घ पुरवणी जोडावी लागली, हे ध्यानात येते. वेदनेचे औषध सापडले. भीतीचे सापडले नव्हते. आणि ज्याला आपले दुःख शब्दांत मांडता येत नाही, त्याला वेदना होतच नाही अशी समजूत विद्वानांतही पुढे शंभराहून अधिक वर्षे टिकून राहिली.

अलीकडे मोठ्या रुग्णालयांतून ‘पूरक उपचार’ हा शब्दप्रयोग कानी येतो. शस्त्रक्रियेपूर्वी मुलाला आवडते गाणे ऐकविणे, गोष्ट सांगणे, बाहुलीच्या साहाय्याने शस्त्रक्रियेची ओळख करून देणे, संमोहन, विदूषकाची भेट, आईची मांडी या साऱ्यांचा त्यात समावेश होतो. कोणाला ही नव्या युगाची चैन वाटेल, तर कोणाला आजीबाईच्या बटव्यातील जुनीच गोष्ट. आमच्या मते ती मूळची जुनीच. मध्यंतरी हरवलेली आणि मोठ्या कष्टाने परत मिळविलेली. ज्यांनी ती परत मिळविली, त्या सर्वांमध्ये एक गोष्ट समान होती. मुलाच्या रडण्यावर त्यांनी विश्वास ठेवला, आणि त्याच्या गप्प बसण्यावर ठेवला नाही.

भीती आणि हृदय

ईथरपूर्व काळात मुलांवर शस्त्रक्रिया होत नसत असे नव्हे. मूतखड्याचा विकार त्याकाळी युरोपात लहान मुलग्यांमध्ये बराच आढळे, आणि तो खडा कापून काढणे हाच उपाय असे. बळकट माणसे मुलाला घट्ट धरून ठेवीत आणि शल्यवैद्य शक्य तितक्या त्वरेने काम उरकी. अठराव्या शतकात लंडनचे विल्यम चेसेल्डन हे काम मिनिटा-दोन मिनिटांत आटोपीत, म्हणून त्यांची ख्याती होती. वेग हीच त्या काळची दया होती.

ईथरपाठोपाठ १८४७ च्या नोव्हेंबरात एडिंबरोचे जेम्स यंग सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्म प्रचारात आणले. दोनच महिन्यांनी, २८ जानेवारी १८४८ रोजी, इंग्लंडमधील न्यूकॅसलजवळच्या विनलॅटन गावी हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचे नख काढण्यासाठी खुर्चीवर बसली. क्लोरोफॉर्म दिल्यावर काही मिनिटांतच तिचे प्राण गेले. क्लोरोफॉर्ममुळे झालेला, नोंद असलेला हा पहिला मृत्यू होय. भूलशास्त्राचे आद्य अभ्यासक डॉ. जॉन स्नो यांनी अशा मृत्यूंचा बारकाईने विचार करून औषधाच्या मात्रेकडे बोट दाखविले. परंतु आणखी एक गोष्ट त्या वेळच्या जबानीत नमूद आहे. शस्त्रक्रियेपूर्वी ती मुलगी भीतीने व्याकुळ झाली होती.

या नोंदीचे महत्त्व कळावयास साठ वर्षांहून अधिक काळ जावा लागला. १९११ साली गुडमन लेव्ही या संशोधकाने मांजरांवरील प्रयोगांत दाखवून दिले, की क्लोरोफॉर्मची हलकी भूल दिलेली असताना शरीरात अॅड्रेनलिन वाढले, तर हृदयाची लय बिघडून ते एकाएकी बंद पडू शकते. भयाच्या क्षणी शरीर हेच द्रव्य रक्तात सोडीत असते. हॅनाच्या मृत्यूचे नेमके कारण काय, याबद्दल जाणकारांत आजही एकमत नाही. तथापि भीती ही केवळ मनाची हळवी अवस्था नसून ती रक्तात उतरते, नाडीत उतरते, आणि म्हणून ती वैद्याच्या विचाराचा विषय आहे, एवढे त्या प्रयोगांनी निश्चित सांगितले.

कांदोळीचे धर्मगुरू आणि हुगळीचे डॉक्टर

औषधावाचून वेदना शमविण्याचा जो एक मार्ग पुढे मुलांच्या उपयोगी पडला, तो म्हणजे संमोहन. त्याच्या इतिहासातील एक ठळक नाव गोव्याचे आहे, हे आपल्या वाचकांना सांगताना आम्हांस विशेष आनंद होतो. बार्देशातील कांदोळी येथे ३१ मे १७५६ रोजी जन्मलेले जुझे कुस्तोदियो द फारिया, अर्थात आबे फारिया, यांना १७८० मध्ये रोम येथे गुरुदीक्षा मिळाली, आणि १८१३ मध्ये त्यांनी पॅरिस शहरी आपले जाहीर प्रयोग सुरू केले. त्याकाळी फ्रान्झ मेस्मर यांच्या मताचा बोलबाला होता. उपचारकाच्या हातांतून एक अदृश्य चुंबकीय द्रव वाहतो व त्यायोगे रुग्ण झोपी जातो, असे ते मत. आबे फारियांनी ते साफ नाकारले. झोप येते ती उपचारकाच्या सामर्थ्याने नव्हे, तर झोपणाऱ्याच्या स्वतःच्या एकाग्रतेने आणि विश्वासाने, असे त्यांनी प्रतिपादन केले. त्यांची पुष्कळ थट्टा झाली. १८१९ मध्ये त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी ते निवर्तले. पणजीला मांडवीकाठच्या जुन्या सचिवालयाशेजारी त्यांचा पुतळा उभा आहे. येणारे-जाणारे त्याच्यापाशी छायाचित्रे काढतात. पण त्या पसरलेल्या हातांमागचा विचार फारच थोड्यांना ठाऊक असतो.

फारियांचा विचार मागे पडला आणि मेस्मर यांचा ‘द्रव’ मात्र भारतापर्यंत पोहोचला. १८४५ च्या एप्रिलमध्ये बंगालमधील हुगळी येथे जेम्स एस्डेल या स्कॉटिश डॉक्टरांनी मेस्मेरिझमच्या साहाय्याने वेदनारहित शस्त्रक्रिया करावयास आरंभ केला. मोठमोठ्या गाठी त्यांनी या रीतीने काढल्या. सरकारने चौकशी करविली आणि १८४६ मध्ये कलकत्त्यास त्यांना या कामासाठी एक प्रायोगिक रुग्णालयही दिले. पण १८४७ मध्ये ईथर भारतात येऊन पोहोचले. तासन्‌तास हात फिरवीत बसण्यापेक्षा काही मिनिटांत काम करणारी वाफ डॉक्टरांना अर्थातच सोयीची वाटली, आणि एस्डेल यांची पद्धत अस्तास गेली.

या हकिकतीतून दोन धडे घेण्यासारखे आहेत. शस्त्रक्रियेच्या वेदनेवर खात्रीशीर भूल हाच मुख्य उपाय होय. मनाची शक्ती कितीही मोठी असली, तरी ती भुलेची जागा घेऊ शकत नाही, हा पहिला. दुसरा धडा असा, की औषध आले म्हणून त्या शक्तीचा विचारच सोडून देणे हाही तोटाच ठरला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, कर्करोगाने आजारी असलेल्या मुलांना वारंवार सुया टोचाव्या लागत तेव्हा, अमेरिकेत जोसेफिन हिल्गार्ड आदी संशोधकांनी पुन्हा संमोहनाकडे वळून पाहिले. मुले कल्पनेच्या राज्यात मोठ्यांपेक्षा लवकर शिरतात, हे तेथे उपयोगी पडले. त्या कामामागे कोणताही ‘द्रव’ नव्हता. कांदोळीच्या त्या धर्मगुरूंनी जे म्हटले होते तेच होते: मुलाची स्वतःची एकाग्रता.

बंद दरवाजा

एकोणिसाव्या शतकात मुलांसाठी स्वतंत्र रुग्णालये निघाली. पॅरिसचे १८०२ मध्ये, लंडनच्या ग्रेट ऑर्मंड रस्त्यावरचे १८५२ मध्ये. हेतू उदात्त होता. परंतु जंतुसंसर्गाची धास्ती आणि शिस्तीची आवड या दोहोंच्या पोटी हळूहळू आईलाच दाराबाहेर थांबावे लागले. १९४९ च्या सुमारास लंडनच्या अनेक मोठ्या रुग्णालयांत आईवडिलांना आठवड्यातून तास-दोन तासच भेटता येई. एका नामांकित रुग्णालयात तर पहिला महिनाभर भेट नसे. फक्त संध्याकाळी, मूल झोपले असता त्याला पाहून येण्याची मुभा असे. आईला पाहिले की मूल रडते, ती गेली की अधिकच रडते, आणि ती आलीच नाही तर दोन-चार दिवसांत ‘रुळते’, हे त्यामागील तर्कशास्त्र होते.

या तर्काला आव्हान देणारे तुरळक आवाज पूर्वीपासूनच होते. ग्लासगोचे शल्यवैद्य जेम्स निकोल यांनी १९०९ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आपला अनुभव मांडला. दहा वर्षांत त्यांनी बाह्यरुग्ण विभागात ८,९८८ शस्त्रक्रिया केल्या होत्या, आणि ती मुले त्याच दिवशी आईच्या कुशीत घरी गेली होती. न्यूकॅसल येथे १९२५ पासून जेम्स स्पेन्स यांनी आजारी अर्भकांबरोबर त्यांच्या मातांनाही रुग्णालयात ठेवून घेतले. न्यूझीलंडमध्ये हेन्री व सेसिली पिकरिल हे शल्यवैद्य दांपत्य दुभंगलेल्या ओठांच्या बाळांवर शस्त्रक्रिया करी. त्यांच्या बॅसम रुग्णालयात बाळाची शुश्रूषा त्याची आईच करी, आणि जंतुसंसर्ग वाढण्याऐवजी घटला, असे त्यांना दिसून आले. म्हणजे ज्या भयापोटी आईला बाहेर ठेवले, ते भयच निराधार होते.

१९४५ मध्ये अमेरिकेचे डॉ. डेव्हिड लेव्ही यांनी शस्त्रक्रियेनंतर मुलांच्या मनावर उमटलेल्या आघातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. रात्री दचकून उठणे, अंधाराचे व अनोळखी माणसांचे भय, हट्टीपणा ही लक्षणे त्यांना विशेषतः अगदी लहान मुलांत आढळली. महायुद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या मानसिक विकारांशी त्यांनी या लक्षणांची तुलना केली. तरीही दरवाजा उघडला नाही. तो उघडण्यास एका चित्रपटाची गरज पडली.

जेम्स रॉबर्टसन हे स्कॉटलंडचे गृहस्थ युद्धकाळात अॅना फ्रॉइड यांच्या बालगृहात बॉयलर सांभाळण्याचे काम करीत होते. पुढे ते लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेत डॉ. जॉन बोल्बी यांच्या हाताखाली रुग्णालयातील मुलांचे निरीक्षण करू लागले. आपण सांगतो त्यावर डॉक्टरांचा विश्वास बसत नाही, हे पाहून त्यांनी साधा कॅमेरा हाती घेतला. लॉरा या नावाने ओळखली जाणारी दोन वर्षे पाच महिन्यांची मुलगी बेंबीच्या हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस रुग्णालयात राहिली. रॉबर्टसन दररोज ठरलेल्या वेळी तिचे चित्रण करीत. सोयीचे तेवढेच टिपले, असा आक्षेप कोणी घेऊ नये म्हणून चौकटीत भिंतीवरचे घड्याळही घेत.

लॉरा आक्रोश करणारी मुलगी नव्हती. ती समंजस होती. ओठ घट्ट मिटून अश्रू आवरीत होती, मधूनच हळू आवाजात आईविषयी विचारीत होती. परिचारिकांच्या दृष्टीने ती ‘शहाणी’ होती. परंतु पडद्यावर आठ दिवस सलग पाहिले असता तो शहाणपणा नव्हे, तर हळूहळू आत मिटत जाणे होते, हे कळून येते. घरी निघताना आईचा हात धरावयास ती तयार नसते. प्रथम निषेध, मग निराशा, आणि शेवटी अलिप्तता अशा तीन पायऱ्या रॉबर्टसन यांनी दाखवून दिल्या. ज्याला ‘रुळणे’ म्हटले जाई, ती तिसरी पायरी होती.

१९५२ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये हा चित्रपट दाखविला गेला, तेव्हा सभेतील अनेक डॉक्टर संतापले. पण पाहिलेले पुसता येईना. १९५९ मध्ये सर हॅरी प्लॅट यांच्या अध्यक्षतेखालील समितीने शिफारस केली, की मुलांना भेटण्यास वेळेचे बंधन असू नये, आणि विशेषतः पाच वर्षांखालील मुलांसोबत आईला राहता यावे. अहवाल कपाटात पडून राहू नये म्हणून १९६१ मध्ये लंडनच्या बॅटरसी भागातील मातांनी संघटना उभारली. इंग्लंडमधील वॉर्डांचे दरवाजे उघडण्यास त्यानंतरही बरीच वर्षे लागली.

मुके बाळ

मुलांच्या भीतीची दखल घेतली जात असतानाच नवजात बालकांच्या वेदनेसंबंधी मात्र विलक्षण अंधार होता. त्यांच्या मज्जातंतूंवरील वेष्टन पूर्ण तयार झालेले नसते; म्हणून वेदना त्यांच्या मेंदूपर्यंत पोहोचत नाही, रडणे ही केवळ प्रतिक्षिप्त क्रिया होय, असे मानले जाई. शिवाय प्रभावी वेदनाशामके इवल्या जिवाला सोसणार नाहीत ही भीतीही होती, आणि ती सर्वस्वी अनाठायी नव्हती. परिणामी अनेक ठिकाणी अपुऱ्या दिवसांच्या बाळांना शस्त्रक्रियेच्या वेळी नायट्रस ऑक्साइडची हलकी भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध एवढेच दिले जाई. काही वेळा तर फक्त दुसरेच. त्या औषधाने बाळ हलू शकत नाही, रडूही शकत नाही. पाहणाऱ्याला ते शांत दिसते.

१९८५ मध्ये अमेरिकेत अशाच एका अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या हृदयाजवळील रक्तवाहिनी बांधण्याची शस्त्रक्रिया झाली. काही आठवड्यांनी ते बाळ दगावले. पुढे आईने कागदपत्रे पाहिली, तेव्हा बाळाला वेदनाशामक दिलेच नव्हते, फक्त निश्चल केले होते, हे तिला कळले. त्या मातेने पत्रांमागून पत्रे लिहिली. १९८६ मध्ये ही हकिकत वृत्तपत्रांत आली आणि अमेरिकेत खळबळ उडाली.

योगायोग असा, की त्याच सुमारास इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड येथे एक भारतीय डॉक्टर याच प्रश्नाचा माग काढीत होते. इंदूरच्या महात्मा गांधी स्मारक वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले कंवलजीत सिंग आनंद हे ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर तेथे गेले होते. शस्त्रक्रियेहून परत आलेली बाळे जाताना होती त्याहून कितीतरी खालावलेली दिसत, हे त्यांच्या नजरेतून सुटले नाही. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी काही बाळांना नेहमीच्या भुलेबरोबर फेंटानिल हे प्रभावी वेदनाशामक दिले, आणि इतरांना नेहमीचीच भूल दिली. रक्ताच्या तपासणीत फरक उघड झाला. वेदनाशामक न मिळालेल्या बाळांच्या शरीरात ताणाची संप्रेरके उसळली होती आणि शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंतही त्यांच्यातच अधिक होती. १९८७ च्या आरंभी हे संशोधन लॅन्सेटमध्ये आले. त्याच वर्षी अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने नवजातांनाही योग्य भूल दिली पाहिजे, असे जाहीर केले. बाळाला बोलता येत नव्हते. त्याच्या रक्ताने साक्ष दिली.

गाणे, गोष्ट आणि विदूषक

एवढे झाल्यावर पूरक उपचारांचा खरा अर्थ कळू लागतो. १९६५ मध्ये रोनाल्ड मेलझॅक व पॅट्रिक वॉल यांनी मांडले होते, की वेदनेचा संदेश मेंदूकडे जाताना पाठीच्या कण्यात जणू एका फाटकातून जातो. स्पर्श, लक्ष, भावना यांच्या प्रभावाने ते फाटक कमी-अधिक उघडते. या सिद्धांताचे तपशील पुढे बदलले. परंतु घाबरलेल्या मुलाला तीच जखम अधिक दुखते आणि रमलेल्या मुलाला कमी, या प्रत्येक आईच्या अनुभवाला शास्त्रात जागा मिळाली.

१९८६ मध्ये न्यूयॉर्कच्या बिग अॅपल सर्कशीतील मायकेल क्रिस्टेन्सन यांनी मुलांच्या रुग्णालयात विदूषकांचे पथक नेण्यास सुरुवात केली. २००५ मध्ये इटलीतील फ्लॉरेन्स येथे ४० मुलांवर झालेला अभ्यास प्रसिद्ध झाला. भूल देण्यापूर्वी ज्यांच्यासोबत पालकांखेरीज विदूषकही होते, ती मुले पुष्कळ कमी घाबरली. मात्र कामात व्यत्यय येतो म्हणून तेथील बहुतेक कर्मचाऱ्यांना हा उपक्रम पुढे चालू नको होता! २०१५ मध्ये शिकागो येथील अभ्यासात, मोठ्या शस्त्रक्रियेनंतर ९ ते १४ वर्षांच्या सुमारे ६० मुलांपैकी ज्यांनी अर्धा तास आवडीची गाणी किंवा गोष्टी ऐकल्या, त्यांची वेदना घटल्याचे आढळले.

सर्वच कल्पना कसोटीस उतरल्या असे मात्र नाही. आईवडील शस्त्रक्रियागृहात नुसते उभे राहिल्याने मुलाची भीती हमखास कमी होते, असे दिसून आले नाही. पालकच थरथरत असतील, तर मूल त्यांच्याकडूनच भय शिकते. याउलट, अमेरिकेतील डॉ. झीव्ह केन व सहकाऱ्यांनी चारशेहून अधिक मुलांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात पालकांची आधी तयारी करून घेतली होती. भुलेचा मुखवटा घरी नेऊन मुलाशी खेळविला होता. ‘काही होणार नाही, घाबरू नकोस’ असे पुनःपुन्हा न म्हणता मुलाचे मन दुसरीकडे वळवावे, असे शिकविले होते. ती मुले कमी घाबरली, आणि शस्त्रक्रियेनंतर त्यांना वेदनाशामकही कमी लागले.

आपल्याकडे सरकारी रुग्णालयांतही आई बहुधा मुलाच्या खाटेशीच असते. पाश्चात्त्यांनी लढून मिळविलेली ही गोष्ट आपल्या चालीरीतीने राखून ठेवली, याचा अभिमान वाटावा. परंतु ‘रडलास तर डॉक्टर सुई टोचतील’ हा धाकही आपल्याच घरांत घातला जातो. ‘फोटो काढायला जाऊ या’ म्हणून मुलाला शस्त्रक्रियेस नेणारेही आपणच असतो. मूल गप्प झाले की ‘शहाणे झाले’ असे म्हणून आपण निश्चिंत होतो. वरील इतिहास डोळ्यांपुढे ठेवला तर या तिन्ही सवयी सोडाव्या लागतील. मुलाच्या वयाला पेलेल इतके खरे सांगावे. आवडती चादर किंवा खेळणे बरोबर नेता येईल काय, हे आधी विचारावे. शस्त्रक्रियेनंतर मूल रडत असेल तर त्याला दटावण्यापूर्वी परिचारिकेला बोलवावे, आणि ते अवाजवी शांत असेल तरीही बोलवावे. गाणे-गोष्ट हे औषधाच्या जोडीला आहे, त्याच्या बदली नव्हे, हेही विसरू नये.

रडणारे मूल आपल्याला त्रास देण्यासाठी रडत नसते. ते आपल्याला काही सांगत असते. ते ऐकावयास वैद्यकशास्त्राला दीडशे वर्षे लागली. आपल्या घरांत तेवढा विलंब होण्याचे काहीच कारण नाही.